चित्राखालची कोरी जागा

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात दृढमूल होऊन बसला आहे. चित्रकाराच्या तसबिरीत त्याची कल्पना मिसळलेली असते. यंत्राच्या चित्रात जे समोर होते तेवढेच उतरते, अशी या समजाची उपपत्ती सांगतात. आम्हांस हा समज मान्य नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या आश्रयाने एक अन्याय आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच खर्चाने आणि आपल्याच घरच्या मंगलकार्यात घडत आहे, व तो आपण चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगीत आहोत, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले हे सांगण्यासाठी प्रथम एक घरगुती हकीकत सांगणे प्राप्त आहे. तीत आम्ही स्वतः निर्दोष नाही, हे आरंभीच कबूल करितो.

गतवर्षी आमच्या भाचीचा विवाह नाशकात झाला. वधूसाठी दोन वस्त्रे मुद्दाम करवून घेण्याचे ठरले होते. मुहूर्तासाठी येवल्याची पैठणी, आणि सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठी कॉलेज रोडच्या परिसरातील एका डिझायनर बाईंकडून शिवून घेतलेला घागरा. हल्ली लग्नाच्या छायाचित्रांचा पसारा केवढा वाढला आहे, हे वाचकांस सांगावयास नको. पूर्वी अक्षता पडल्यावर वधूवरांचा एक फोटो निघे व तो दोन्ही घरच्या भिंतींवर पिढ्यानपिढ्या राही. आता लग्नाच्या आधीची चित्रे, हळदीची चित्रे, मेंदीची चित्रे, आणि त्यांत नवी भर म्हणजे लग्नाची वस्त्रे तयार होत असतानाची चित्रे. आमच्या भाचीच्या छायाचित्रकाराने ही शेवटची कल्पना मोठ्या उत्साहाने मांडली. तरुण होतकरू, कामात वाकबगार. आम्हांसही कल्पना आवडली. ज्या हातांनी वस्त्र घडते ते हात वधूच्या संग्रही राहावेत, यात वाईट ते काय?

प्रथम आम्ही डिझायनर बाईंच्या स्टुडिओत गेलो. छायाचित्रकाराने त्यांची अनुमती विचारली, त्यांस सोयीची वेळ विचारली. त्या कागदावर रेखाटन करीत असता, कापडावर टाचण्या लावीत असता, गळ्यात मापाची फीत अडकवून भाचीच्या खांद्यावरची निरी सारखी करीत असता त्याने चित्रे घेतली. एका चित्रात बाई थेट कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. चित्र उत्तम आहे. त्यांच्या हाताखालच्या कारागिरांपैकी कोणी चित्रात आले नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार मागाहून आली.

पुढच्या आठवड्यात चांदोरी, निफाड, विंचूर या वाटेने येवल्यास गेलो. विणकराचे घर म्हणजे दोन मागांची एक लांबट खोली. एका मागावर गृहस्थ खड्ड्यात पाय सोडून बसलेले. अंगात टी-शर्ट, डोक्यावर ट्यूबलाइट, भिंतीवर दिनदर्शिका, कोनाड्यात मोबाइल लावलेला. दाराशी त्यांची पत्नी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून रहाटावर कांड्या भरीत होती. आमच्या भाचीच्या पैठणीचा पदर तेव्हा मागावर चढला होता. आणि येथे आमच्या छायाचित्रकाराने जे केले ते क्रमाने सांगतो. त्याने ट्यूबलाइट बंद करविली. दिनदर्शिका उतरविली. प्लॅस्टिकचे सामान बाहेर काढले. पिशवीतून एक पितळी समई व झेंडूची फुले काढून मागाशेजारी मांडली. मग म्हणाला, "काका, हा पांढरा सदरा घाला आणि ही टोपी." गृहस्थ हसून म्हणाले, "टोपी मी कधी घातली नाही हो." तरीही त्यांनी ती घातली. नंतर त्याने वहिनींस उठविले, आणि त्यांच्या जागी, त्यांच्या रहाटापाशी, आमच्या भाचीस बसवून कांडी भरीत असल्याचे चित्र घेतले. वहिनी दाराबाहेर उभ्या राहून पाहत होत्या. त्या दोन तासांत पदर एक बोटभरही पुढे सरकला नाही. आणि नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाचे दोन तास म्हणजे काय, याचा विचार आम्हां सहा सुशिक्षित मंडळींपैकी एकाच्याही मनात आला नाही. आम्ही तेथेच होतो. आम्ही चहा घेत होतो.

लग्नानंतर चित्रांचा जाडजूड ग्रंथ घरी आला. त्याच्या शेवटच्या पानावर नामावळी आहे. छायाचित्रकार, त्याचा साहाय्यक, वधूची रंगभूषा करणारी, फुलांची सजावट करणारा, डिझायनर बाई, इतकेच काय, ज्या द्राक्षमळ्यात लग्नाआधीची चित्रे घेतली त्या मळ्याचेही नाव आहे. विणकराचे नाव नाही. त्यांच्या चित्रांपैकी जे मोठे छापले आहे त्यात त्यांचा चेहराही नाही. नुसते दोन हात, जरीवर पडलेला समईचा प्रकाश, आणि खाली एक ओळ, तिचा आशय असा की येथे काळ थांबला आहे. बाईंच्या चित्राखाली नाव. हातांच्या चित्राखाली कविता. आमचा वाद आहे तो एवढ्याच फरकाविषयी.

कोणी म्हणेल, बाई कल्पना करणाऱ्या, विणकर ती हातांनी उतरविणारा. नाव कल्पकाचे असते. हा युक्तिवाद ज्याने माग पाहिला नाही त्यानेच करावा. पैठणीच्या पदरात नक्षी उठते ती वेगळा धागा वरून घालून नव्हे, तर प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपापल्या लहान तिल्लीवर गुंडाळून, ज्या उभ्या धाग्यापर्यंत तो रंग हवा तेथपर्यंत नेऊन, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरविल्याने. एका मोराच्या मानेत चार रंग असतील तर चार तिल्ल्या. रुंद पदरात त्या डझनांनी लोंबत असतात. म्हणूनच हातच्या पदराची उलट बाजूही सुलटीसारखीच स्वच्छ दिसते, आणि यंत्रावरच्या नकलेच्या पाठीमागे धाग्यांचे लोंबते किंवा कातरलेले टोक सापडते. बांगडी मोर, मुनिया, असावली, कमळ, नारळी काठ ही नावे परंपरेची खरी; परंतु कोणता मोर किती धाग्यांत बसवावा, मानेपाशी निळा संपून हिरवा कोठे लागावा, जरीच्या पार्श्वभूमीत किती मोकळी जागा सोडावी, हा निर्णय मागावर बसलेला माणूस घेतो. आमच्या भाचीने दोन मुनियांच्या मधली वेल बारीक मागितली, तेव्हा गृहस्थांनी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने ती पुन्हा मोजून काढली व आम्हांस दाखविली. बाई कागदावर रेखाटीत होत्या त्या क्रियेहून ही क्रिया कोणत्या अंगाने उणी, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे. फरक असेल तर तो भाषेचा आहे. एकीस आपण 'डिझायनर' म्हणतो, दुसऱ्यास 'कारागीर'. पहिल्या शब्दास आडनाव लागते, दुसऱ्यास नुसते गाव.

ही खोड आपण कोठून उचलली, याचा शोध घेतला तर उत्तर फारसे सुखद नाही. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे नमुने अठरा खंडांत चिकटविले. सातशे नमुने, अशा वीस प्रती. तेरा विलायतेत वाटण्यासाठी, सात या देशासाठी. हेतू उघड होता: येथील लोकांस काय आवडते हे विलायतेतील गिरणीवाल्यांनी पाहावे व तसा माल काढावा. कापडाची लांबी, रुंदी, गाव हे तेथे नोंदविण्यायोग्य ठरले. विणणाऱ्याचे नाव नव्हे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात त्याच वॉटसनने जॉन विल्यम केये याच्यासमवेत 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे छायाचित्रांचे पुस्तक संपादिले. त्यात माणसे आली. पण पुष्कळांच्या खाली व्यक्तीचे नाव नसून जातीचे वा जमातीचे नाव आहे. परकीय सरकारला माणसांची ओळख पटवून घ्यावयाची नव्हती, वर्गवारी लावावयाची होती. त्याचे वर्तन त्याच्या हेतूस धरून होते. आमचा प्रश्न आपल्या वर्तनाविषयी आहे. परकीय राज्य जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि आपण आपल्याच जिल्ह्यातील माणसाचे चित्र आपल्याच लग्नात घेऊन त्याखाली 'पारंपरिक विणकर, येवला' एवढेच लिहितो. वॉटसनची लेखणी आपण अजून खाली ठेवलेली नाही.

आणि हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. १२ सप्टेंबर १९५३ रोजी अमेरिकेत जॉन केनेडी व जॅकलिन बूव्हिए यांचा विवाह झाला. वधूच्या पोषाखाची चित्रे जगभर गेली. तो पोषाख तयार करणारी ॲन लो ही कृष्णवर्णीय डिझायनर. विवाहास अवघे काही दिवस उरले असता तिच्या कार्यशाळेत पाणी शिरून वधूचा व करवल्यांचे पोषाख नासले. तिने पदरमोड करून, माणसे लावून, ते पुन्हा शिवले व वेळेवर पोहोचविले. वृत्तपत्रांनी त्या पोषाखाचे वर्णन रकाने भरभरून केले. पण बहुतेकांस तिचे नाव लिहिण्याचे सुचले नाही. आज संग्रहालये तिचे कपडे जपून ठेवितात व तिच्या नावाने प्रदर्शने भरवितात. पण नावाची गरज तिला १९५३ साली होती, जेव्हा त्या एका नावाने पुढची शंभर कामे आली असती. ॲन लोच्या बाबतीत वर्ण आड आला. आपल्या विणकराच्या बाबतीत काय आड येते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पडताळून पाहावे.

आता प्रतिपक्षाची बाजू घेऊ. आम्ही हे विचार मित्रमंडळीत बोलून दाखविले तेव्हा चार आक्षेप निघाले. त्यांतला एकही क्षुल्लक नाही.

पहिला आक्षेप छायाचित्रकाराचा. तो म्हणाला, "सर, चित्र म्हणजे मांडणी आलीच. ट्यूबलाइट आणि प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले असते तर तुम्हांलाच ते चित्र आवडले नसते." हे खरे आहे, आणि त्याच्या तोंडावर आम्हांस ते मान्य करावे लागले. मांडणीस आमची हरकत नाही. डिझायनर बाईंच्या स्टुडिओतही त्याने दोन खुर्च्या हलविल्या होत्या. परंतु तेथील मांडणीने बाई अधिक बाई दिसल्या, आणि येथील मांडणीने एक जिवंत, वीजबिल भरणारा, मुलीस कॉलेजात धाडणारा समकालीन मनुष्य पुसला जाऊन त्याच्या जागी टोपीतला एक पुराणपुरुष बसला. वहिनींच्या रहाटावर आमच्या भाचीस बसविले, त्यास मांडणी म्हणत नाहीत. काम एकीचे आणि चित्र दुसरीचे, यास साध्या मराठीत जो शब्द आहे तो मंगलकार्याच्या संदर्भात आम्ही वापरीत नाही.

दुसरा आक्षेप विद्वानांचा, आणि तो आमच्याच महाविद्यालयातील एका सहाध्यापकांनी घेतला. आपली कला निनावी आहे, तीच तिची थोरवी. नावाची हाव पाश्चात्यांची, असे त्यांचे म्हणणे. ऐकावयास हे फार उदात्त वाटते. पण ज्या परंपरेचा हवाला देतात तीत संतांनी सर्वस्वाचा त्याग केला, तरी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेविली. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंनीही ठेविली. विणकर असलेल्या कबिराने आपल्या पदांत आपले नाव गुंफले. यात अहंकार नव्हता. हे बोल कोणाचे, याची जबाबदारी होती. शिवाय, आपण स्वतः इतके निरिच्छ आहोत काय? लग्नात आहेर म्हणून आलेली तांब्यापितळेची भांडी प्रत्येक घरच्या माळ्यावर असतील. त्यांवर टोच्याने कोरलेले नाव कोणाचे? देणाऱ्याचे, तिथीसह. नाशिकच्या तांबट आळीत ज्याने तो हंडा ठोकून गोल केला त्याचे नव्हे. निनावीपणाची थोरवी आपण नेहमी दुसऱ्यासाठी राखून ठेवितो.

आणि इतिहासच पाहावयाचा तर तो नाशिकजवळच पाहावा. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने तीन हजार काहापणांची ठेव गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेविली. पैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा काहापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. राजाचा जावई ज्यांच्या पदरी मूळ रक्कम कायमची सोपवितो ते लोक देखावा नव्हते. ती पत असलेली, हिशेब ठेवणारी, करार करणारी माणसे होती. कोणाकडे किती आणि काय दराने, हे त्याने दगडात कोरून ठेविले. विणकराशी व्यवहार कागदावर आणण्याची आपल्या गावची चाल एवढी जुनी आहे. आपण ती मोडली आहे.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. नाव व गाव छापले की गिऱ्हाईक थेट विणकराच्या दारी जाईल, आमची दुकाने कशी चालावीत? व्यापाऱ्यास आम्ही खलपुरुष मानीत नाही. रेशीम व जरी यांत पैसा तो गुंतवितो, न खपलेला माल तो सांभाळतो, विणकरास अडीनडीस उचल तोच देतो. त्याचा नफा रास्त आहे. पण नफा भांडवलाचा असावा, अज्ञानाचा नसावा. पुस्तकावर लेखकाचे नाव छापल्याने ग्रंथविक्रेते बुडाले नाहीत. आणि व्यापाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की यंत्रावरच्या नकला ज्या बाजारात पैठणी म्हणून खपतात, तेथे नुसत्या 'अस्सल' या शब्दावर कोणाचा विश्वास बसावा? २०१० साली पैठणीस भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्या कायद्यान्वये उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदविता येते. हातमागाच्या मालास २००६ पासून हातमाग चिन्ह आहे. ही साधने चांगली आहेत. पण ती प्रदेशाची व जातकुळीची ग्वाही देतात. हा पदर अमक्याने अमक्या महिन्यांत विणला, ही ग्वाही माणसाच्या नावाखेरीज देता येत नाही.

कायद्याचा प्रश्न निघालाच आहे तर त्याचेही बोलू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारा मनुष्य. मोबदला देऊन ते काढविले असेल तर, उलट करार नसल्यास, त्याचे स्वामित्व काढविणाऱ्याचे. कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क चालतो. म्हणजे येवल्याच्या त्या खोलीत घेतलेल्या चित्राचा कर्ता छायाचित्रकार, धनी आम्ही. आणि ज्याचे हात, ज्याचा माग, ज्याचा पदर त्यात आहे, त्यास या हिशेबात स्थान नाही. कायद्यावर आम्ही रुष्ट नाही. कायदा किमान मर्यादा सांगतो. सभ्यता तिच्या पुढे सुरू होते, आणि आमची तक्रार सभ्यतेविषयी आहे.

चौथा आक्षेप आमच्या पत्नीचा, आणि तो आम्हांस अधिक लागला. त्या म्हणाल्या, "नाव छापायचे म्हणता, पण एकट्या त्यांचे छापून कसे चालेल? कांड्या भरणारी कोण, रेशीम रंगविणारा कोण? तुम्ही एकाला उजेडात आणाल आणि तिघांना अंधारात ठेवाल." यावर आमच्याजवळ खंडन नाही, आम्ही हा आक्षेप शिरोधार्य मानितो. उपाय मात्र नाव न छापणे हा नसून सगळी नावे छापणे हा आहे. आणि हाच न्याय कॉलेज रोडच्या त्या स्टुडिओतील, चित्रात न आलेल्या, कारागिरांसही लागू आहे. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आणला व मग आपला कारखाना नाशकात हलविला. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी १९१७ च्या सुमारास काढला. कामावरचा मनुष्य कामावर असता टिपावा, ही हौस आजची नाही. परंतु कच्च्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, शिवाय साऱ्या मंडळींच्या जेवणाखाण्याचे पाहणे, हे सरस्वतीबाई फाळके करीत असत हे आपणांस ठाऊक आहे, ते कोणी तरी लिहून ठेविले म्हणून. न लिहिले असते तर त्या बाईही दाराबाहेर उभ्या राहिल्या असत्या.

आणखी एक आक्षेप मागाहून कोणी तरी घेईल म्हणून आधीच सांगतो. काही विणकरांस चित्र घेतलेलेच नको असते. पदराची नक्षी टिपून यंत्रमागावर तिची नक्कल होते, ही त्यांची धास्ती निराधार नाही. त्यांचा नकार आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. नाव देण्याचा आग्रह म्हणजे नाव बळेच घेण्याचा परवाना नव्हे.

वाचक येथे थांबून आम्हांसच विचारतील, 'एवढे सगळे लिहिलेत, पण त्या गृहस्थांचे नाव तुम्ही तरी कोठे लिहिले?' प्रश्न रास्त आहे. लग्नानंतर आम्ही पुन्हा येवल्यास गेलो. बरोबर चित्रांच्या प्रती नेल्या होत्या आणि त्या बुडालेल्या दोन तासांची मजुरी पाकिटात नेली होती. ती देताना आम्हांस लाज वाटली व घेताना त्यांस संकोच वाटला. मग आम्ही या लेखाचा विषय काढला आणि नाव छापण्याची अनुमती मागितली. ते जरा विचार करून म्हणाले, "सर, नाव पैठणीबरोबर गेले तर बरे वाटेल. वादात कशाला?" वहिनी आतून म्हणाल्या, "आणि माझेपण लिहा म्हणावे." गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही वहीत दोन्ही नावे लिहून घेतली. त्यांची इच्छा आम्ही अक्षरशः पाळीत आहोत. या लेखात ती नावे नाहीत. आमच्या भाचीच्या ग्रंथात, त्या दोन हातांच्या चित्राखाली, छापील ओळ खोडून शाईने दोघांची नावे, गाव, व पदर मागावर चढल्यापासून उतरेपर्यंतचे महिने आम्ही लिहिले आहेत. तसाच एक कागद पैठणीच्या घडीत ठेवला आहे. छायाचित्रकारास बोलावून तो दाखविला. तो क्षणभर गप्प राहिला, आणि म्हणाला, "सर, मला कोणी सांगितलेच नाही कधी की हे विचारायचे असते." त्याच्यावर आमचा राग राहिला नाही. सांगणे आमचे काम होते. पैसे आम्ही मोजीत होतो.

एक जुनी गोष्ट येथे आठवते. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोनसाठी गाणी मुद्रित झाली तेव्हा गायिका गौहर जान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत असे. तबकड्या परदेशात तयार होत. तेथील कामगारांस लेबलावर कोणाचे नाव लिहावयाचे हे कळावे, म्हणून ही व्यवस्था. तिचा गळा तबकडीत शिरला तसे तिचे नावही शिरले, आणि त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही तो आवाज कोणाचा याविषयी शंका उरली नाही. विणकरास असे ओरडून सांगता येत नाही. पदर मुका आहे. म्हणून ते काम चित्राखालच्या ओळीने केले पाहिजे.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी छायाचित्रकाराशी बोलणी करतानाच चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. विणकराची किंवा शिवणाऱ्याची अनुमती आधी घ्यावी व नकार आल्यास निमूटपणे परतावे. जो वेळ आपण घेऊ त्याचे मोल द्यावे. मनुष्य ज्या कपड्यांत व ज्या उजेडात काम करितो त्यांतच तो टिपावा, व ज्याचे काम त्याच्याच हाती दिसावे. आणि चित्राखाली त्या कामात ज्यांचे हात लागले त्या सर्वांची नावे, त्यांनी सांगितली तशी, छापावीत. चित्राची एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवावी. लाखांचा खर्च ज्या कार्यात होतो त्यात एवढ्याने काही वाढत नाही. मासिके व वृत्तपत्रे यांच्या संपादकांसही हीच विनंती आहे: 'येवल्यातील एक विणकर' अशी ओळ छापावयास आली तर ती परत पाठवावी व नाव विचारावे.

आमच्या आजेसासूबाईंची पैठणी आमच्या घरी अजून आहे. नव्वद वर्षांच्या आतबाहेरची असावी. जरी कोठेकोठे काळवंडली आहे, पदरावरचे मोर तसेच आहेत. ती कोणी घेऊन दिली, किती रुपयांस, कोणत्या कार्यात, हे सर्व घरात तोंडपाठ आहे. ती कोणी विणली हे सांगू शकणारे आता कोणी उरलेले नाही. भाचीच्या पैठणीविषयी असे म्हणण्याची पाळी तिच्या नातवंडांवर येणार नाही, एवढी तरतूद आम्ही उशिरा का होईना केली आहे. वाचकांनी ती वेळेवर करावी.